पैठणी घेताना पदर उलटून बघा : ठाण्यातल्या प्रदर्शनातला अनुभव

आईच्या पंचाहत्तरीला पैठणी घ्यायची, हे मी आणि माझ्या भावाने वर्षभर आधीच ठरवलं होतं. आईकडे स्वतःची पैठणी कधी नव्हतीच. माझ्या लग्नात ती काकूंची नेसली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घडी घालून परत देऊन आली होती.

नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये तीन दिवसांचं हातमाग प्रदर्शन लागलं होतं. एका स्टॉलवर छोटा माग मांडलेला आणि एक वयस्कर विणकर खरोखर विणत बसलेले. छोट्या काड्यांवर गुंडाळलेलं रंगीत रेशीम. रंगागणिक वेगळी काडी उभ्या धाग्यांतून हाताने फिरवायची, तेव्हा कुठे पोपटाची चोच जराशी पुढे सरकायची. मी दहा मिनिटं तिथून हलले नाही. मागे साड्यांचा ढीग आणि वर पाटी : 'येवल्याची अस्सल पैठणी, थेट विणकरांकडून'.

विक्रेत्याने मागावरचा धागा तोडून जाळून दाखवला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. अस्सल रेशीम असंच जळतं, हे मला ठाऊक होतं. पण तो धागा मागावरचा होता, मी घेत होते त्या साडीचा नव्हता. हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही.

मोरपंखी रंग, राणी काठ, पदरावर मोर. किंमत १६,५०० रुपये. पदराला मागून जाळी शिवलेली होती. विचारलं तर म्हणाला, "ताई, जरीचे धागे बांगडीत अडकू नयेत म्हणून आम्हीच लावून देतो." मला ते सोयीचंच वाटलं. पैसे मोबाइलवरून दिले आणि पावती न वाचता पर्समध्ये टाकली.

कार्यक्रमाला आईच्या शेजारच्या मावशी आल्या होत्या. त्यांचं माहेर येवल्याचं, लहानपण मागाच्या आवाजात गेलेलं. आईसमोर त्यांनी साडीचं तोंडभरून कौतुक केलं. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "केवढ्याला घेतलीस गं?" आकडा सांगितला तर गप्पच झाल्या. संध्याकाळी आईने साडी बदलल्यावर आम्ही दोघींनी जाळीची शिवण चार बोटं उसवली. आत कापलेल्या धाग्यांचे नुसते झुपके होते. मोराचा आकारही कळत नव्हता.

"पैठणी आधी उलटी बघायची," मावशी म्हणाल्या. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा आपल्याच जागेत मागे वळतो आणि शेजारच्या धाग्यात अडकतो, म्हणून मोर दोन्हीकडून मोरच दिसतो. यंत्रावरच्या पदरात तो धागा मागून सैल धावत जातो आणि नंतर कापून टाकतात. काठाच्या आतला एक धागा ओढून जाळला, तर वितळून त्याचा कडक काळा मणी झाला. अगदी तशीच साडी पुढे जांभळी नाक्यावर २,२०० रुपयांना दिसली.

पावतीवरच्या नंबरवर फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, पैठणी हे डिझाइनचं नाव आहे." तेव्हा पावती नीट वाचली. 'फॅन्सी साडी, १ नग'. पैठणी हा शब्दच नाही, जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही. पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यात गेलेले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण ते वाक्य जास्त लागलं. पैठणी हे डिझाइनचं नाव नाही. गोदावरीकाठचं पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. त्या गावाचं नाव या वस्त्राला लागलं आणि आज येवल्याचे विणकर ते चालवताहेत. १९९९ च्या कायद्याखाली पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. एका पदरासाठी महिना महिना मागावर बसणाऱ्या माणसाच्या मेहनतीची किंमत हे लोक यंत्रावरच्या कापडाला लावतात. यंत्रावरची, स्वस्तातली सेमी पैठणी मीही नेसते, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. ती सेमी म्हणून, सेमीच्या भावात विकावी.

तेव्हा जाळी किंवा अस्तर लावलेला पदर असेल, तर ते उसवून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर उठून या. धागा जाळायचा तो तुमच्याच साडीच्या कडेचा. सिल्क मार्क असला तरी तो फक्त शुद्ध रेशमाची खात्री देतो; हातमागाची नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा असतो. आणि पैसे देण्याआधी पावतीवर 'शुद्ध रेशीम, हातमाग पैठणी' असं लिहून घ्या, खाली दुकानाचा पत्ता आणि जीएसटी क्रमांकासकट. मागावर बसलेले विणकर बघून ढिगातल्या साडीवर विश्वास ठेवू नका. त्या आजोबांनाही रोजावर आणून बसवलं असेल, असं मला आता वाटतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायचीही तयारी आहे, पण तक्रार कुणाच्या नावाने करायची इथेच अडलंय. हॉलवाले म्हणतात, आम्ही फक्त जागा भाड्याने दिली.

उसवलेली जाळी मी त्याच रात्री परत शिवली. आईला अजून सांगितलेलं नाही.