सुट्टीतल्या दुपारी वेबसाइट बरी की टाकाऊतून खेळणी?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44च्या आसपास असतो. सकाळी अकराला घरात आलेली पोरं संध्याकाळी पाचपर्यंत बाहेर सोडता येत नाहीत. या सहा तासांसाठी फोन द्यावा की रद्दी आणि कात्री, हा प्रश्न बऱ्याच घरी ‘स्क्रीन वाईट, हस्तकला चांगली’ म्हणून मिटवला जातो. पण निवड ठरते ती तीन गोष्टींवर: मुलाचं वय, त्या वेळी शेजारी मोठं माणूस बसणार का, आणि घरात नुसता फोन आहे की कॉम्प्युटरही.

सहा-सात वर्षांपर्यंत हस्तकलाच घ्या. या वयात बोटांना काम हवं असतं, आणि कागदाचा लगदा त्यासाठी उत्तम. अर्धा किलो रद्दीचे बारीक तुकडे दोन रात्री भिजवा. 50 ग्रॅम मेथी वेगळी भिजवून वाटा, दोन्ही एकत्र कुटा आणि टोपली करायला पालथ्या वाटीवर बोटभर जाड थापा. मेथीच्या चिकटपणामुळे लगदा धरून राहतो. वाटीला आधी तेलाचा हात लावला नाही, तर टोपली सुटत नाही. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे ती गच्चीवर उन्हात ठेवणं. वरचा थर आधी सुकून आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि काठाला भेगा पडतात. ओसरीत सावलीलाच वाळवा. या वयाला वेबसाइट द्यायचीच तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेची ‘स्टोरीवीव्हर’ द्या. मराठी चित्रगोष्टी तिथे मोफत आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या. सकाळी उतरवून ठेवल्या की दुपारी नेट नसलं तरी चालतं.

आठ वर्षांपुढे मात्र दोन्ही लागतात. पण आधी हात, मग पडदा. साध्या विजेच्या मोटरीवरून हे नीट कळतं. अरविंद गुप्ता यांच्या वेबसाइटवर अशा टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे फोटो आणि छोट्या फिल्म मोफत पाहायला मिळतात. या कामासाठी त्यांना 2018 साली पद्मश्री मिळाली.

सामान घराजवळच मिळतं. शेतीपंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात 22 ते 24 गेजची इनॅमलची, म्हणजे वीज अडवणारा लेप दिलेली, तांब्याची तार सव्वा मीटर मागा. जळालेल्या मोटारीतली फुकट मिळते, पण तिला बाक पडलेले असतात; गुंडाळी डुगडुगते आणि फिरत नाही. दीड व्होल्टच्या जाड सेलवर तारेचे दहा वेढे घ्या आणि दोन्ही टोकं समोरासमोर, एका रेषेत बाहेर काढा. एका टोकाचं इनॅमल पॉलिशपेपरने पूर्ण घासा, दुसऱ्याचं एकाच बाजूने, निम्मंच. सेलच्या दोन्ही तोंडांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने सेफ्टी पिना घट्ट बसवा, त्यांच्या भोकांत गुंडाळीची टोकं अडकवा, आणि बिघडलेल्या छोट्या स्पीकरचं चुंबक सेलवर ठेवा. मग बोटाने हलका धक्का द्या.

मोटर दहातल्या आठ वेळा अडते ती घासण्यामुळे. इनॅमल राहिलं तर वीजच पोचत नाही. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर अर्ध्या फेरीनंतर जोर उलटा लागतो आणि गुंडाळी जागच्या जागी थरथरते. अडकलेली मोटर तशीच ठेवू नका, सेल तापतो.

हे झाल्यावर ‘फेट’ (PhET) ही सिम्युलेशनांची, म्हणजे पडद्यावर करून पाहायच्या प्रयोगांची, वेबसाइट उघडा. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा उपक्रम नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी 2002 साली सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशनं मराठीत आहेत. सर्किटच्या सिम्युलेशनमध्ये तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, जे हातातल्या मोटरीत कधीच दिसणार नाहीत. शॉर्ट सर्किट केलं तर पडद्यावर आग दिसते आणि इजा कुणालाच होत नाही. पण तिथल्या तारेवर इनॅमल नसतं. ते घासताना मूल जे शिकतं, ते पडद्यावर मिळत नाही, म्हणून हा क्रम. डेटाही बेताचाच लागतो. तासभर व्हिडिओ पाहिला तर साध्या दर्जालाही अर्धा जीबीच्या आसपास जातो.

‘स्क्रॅच’, म्हणजे ब्लॉक जुळवून प्रोग्रॅम बनवायची वेबसाइट, 8 ते 16 वयासाठी चांगलं, पण कॉम्प्युटर असेल तरच. फोनच्या पडद्यावर ब्लॉक जुळवताना पोरं कंटाळतात.

सामानाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कपाशीच्या फवारणीचे रिकामे डबे आणि बाटल्या, कितीही धुतलेल्या असोत, मुलांच्या हाती देऊ नका. केळीच्या खोडाचे सोपट, म्हणजे सालीचे थर, विणायला छान, पण दोन-तीन दिवस कडक वाळवून घ्या. ओल्याला बुरशी येते आणि चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. ठिबकच्या जुन्या नळीतून खतं गेलेली असतात, म्हणून आतून-बाहेरून धुवा. 16 मिलिमीटरच्या पाच-सहा मीटर नळीच्या दोन्ही टोकांना कापलेल्या बाटलीची तोंडं ट्यूबच्या पट्टीने बांधली, की या खोलीतून त्या खोलीत बोलता येतं. त्यासाठी ड्रीपर नसलेली साधी नळी निवडा, नाहीतर प्रत्येक भोकातून आवाज गळतो. दाराच्या कोपऱ्यावर ती मुडपू देऊ नका, तिथेच बोलणं अडतं.