दुर्मीळ आजाराची शंका: एक्स-रे, सीटी, एमआरआय की पेट?

निदान महिनोन्‌महिने लागत नाही, तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एकदाचा सगळ्या अंगाचा एमआरआय करून टाकू." काळजीपोटी आलेली ही सूचना बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते. ली-फ्रॉमेनीसारख्या, कॅन्सरचा धोका आनुवंशिक असलेल्या मोजक्या स्थितींत अशा तपासणीला खरंच अर्थ आहे. पण दुर्मीळ आजार हजारोंच्या संख्येनं आहेत आणि प्रत्येकाची खूण वेगळ्या तपासणीत, वेगळ्या जागी सापडते. शंका कशाची आहे हे न ठरवता काढलेल्या स्कॅनमध्ये भलत्याच निरुपद्रवी गाठी मात्र हमखास सापडतात आणि त्यांच्यामागे आणखी चार तपासण्या लागतात.

तपासण्यांची तुलना करताना मी एकच कसोटी लावतो: या चित्रामुळे पुढचा कोणता निर्णय बदलणार आहे? बायोप्सी टळणार का, उपचार वेळेत सुरू होणार का? मशीन किती आधुनिक आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

एक्स-रेला हल्ली कुणी मोजत नाही, पण हाडांच्या जन्मजात आजारांत सुरुवात आजही त्याच्यापासूनच होते. एफओपी या अत्यंत दुर्मीळ आजारात स्नायूंच्या जागी हाड तयार होत जातं. मुलाच्या पाठीवर किंवा मानेवर सूज येते, ती ट्यूमर वाटते आणि बायोप्सी ठरते. नेमकी तीच घातक, कारण त्या जखमेमुळे आजार भडकून तिथं नवं हाड धरू शकतं. या मुलांच्या पायाचे अंगठे बहुधा जन्मापासूनच आखूड आणि आत वळलेले असतात. पायाचा एक साधा एक्स-रे आणि त्यानंतर एसीव्हीआर१ जनुकाची तपासणी, एवढ्यावर निदान होतं. इथं महागड्या स्कॅनपेक्षा मोजे काढून पाय बघणारा डॉक्टर जास्त कामाचा.

सीटीची खरी ताकद फुप्फुसात दिसते. तरुण स्त्रीला वरचेवर दम लागतो, एकदा-दोनदा छातीत हवा भरून फुप्फुस बसतं, आणि एक्स-रे मात्र नॉर्मल येऊ शकतो. अशा वेळी एचआरसीटीत, म्हणजे पातळ छेदांच्या बारकाईच्या सीटीत, दोन्ही फुप्फुसांत पातळ भिंतीचे, गोल, सर्वत्र विखुरलेले सिस्ट (पोकळ्या) दिसले, तर लॅम (लिम्फँजिओलायोमायोमॅटोसिस) या फुप्फुसांच्या दुर्मीळ आजाराचा विचार करावा लागतो. त्याच्या जोडीला मूत्रपिंडात अँजिओमायोलायपोमाची (रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची) गाठ असेल किंवा रक्तातलं व्हीईजीएफ-डी हे प्रथिन ८०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल, तर फुप्फुसाची बायोप्सी टाळता येते. किरणोत्सर्गाचा हिशेबही सांगायला हवा. छातीच्या एक्स-रेला साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाचं एकक) किंवा त्याहून कमी, छातीच्या नेहमीच्या सीटीला ५ ते ७. निसर्गाकडून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. नेमक्या शंकेसाठी केलेली एक सीटी परवडते. 'बघू तरी' म्हणून दर काही महिन्यांनी केलेली परवडत नाही, लहान मुलांत तर नाहीच.

मेंदूसाठी एमआरआयला तोड नाही, पण एमआरआय ही एक तपासणी नसून अनेक सिक्वेन्सचा, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे चित्र काढण्याच्या पद्धतींचा, संच आहे. झपाट्यानं स्मृतिभ्रंश होत चाललेल्या रुग्णात क्रॉयट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या आजाराची शंका असेल, तर पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारी डिफ्यूजन सिक्वेन्स लागतेच. त्यात मेंदूच्या कडेची पट्टी किंवा खोल आतले चेतापेशींचे पुंजके (बेसल गँग्लिया) उजळलेले दिसतात. नेहमीच्या सिक्वेन्समध्ये हे सहज निसटू शकतं. म्हणून चिठ्ठीवर नुसतं 'एमआरआय ब्रेन' न लिहिता शंका कशाची आहे तेही लिहून घ्या.

वेळेचं महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसतं ते एक्स-लिंक्ड अ‍ॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीत, म्हणजे मुख्यतः मुलग्यांच्या मेंदूतल्या चेतातंतूंचं आवरण नष्ट करणाऱ्या आनुवंशिक आजारात. जनुकीय दोष ठाऊक असलेल्या मुलाचा एमआरआय ३ ते १२ वर्षांच्या दरम्यान साधारण दर सहा महिन्यांनी करतात, मुलगा अगदी ठणठणीत असला तरी. कारण स्टेम सेल प्रत्यारोपणाचा उपयोग बदल नुकते दिसू लागले असतानाच होतो. चाल आणि बोलणं बिघडेपर्यंत थांबलं तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

उलट बाजूही आहे. शरीरात तांबं साचत जाणाऱ्या विल्सनच्या आजारात मध्यमेंदूत पांडाच्या चेहऱ्यासारखी आकृती दिसते, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ती सगळ्यांत दिसत नाही. एमआरआय नॉर्मल आला म्हणून रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) आणि २४ तासांच्या लघवीतलं तांबं तपासायचं सोडू नये.

न्यूक्लिअर स्कॅनकडे, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढलेल्या चित्राकडे, लोक शेवटचा उपाय म्हणून बघतात. ट्रान्सथायरेटिन अ‍ॅमिलॉइडमध्ये, म्हणजे हृदयाच्या स्नायूत प्रथिन साचण्याच्या आजारात, त्यानं चित्रच पालटलं. पूर्वी हृदयाचा तुकडा काढावा लागे. २०१६ साली बाराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि टेक्नेशियम वापरून केलेल्या हाडांच्या स्कॅनवरून बायोप्सीविना निदान करण्याची पद्धत रुळली. अट एकच, पण कडक: रक्त-लघवीत मोनोक्लोनल प्रथिन (एकाच प्रकारच्या बिघडलेल्या पेशींनी बनवलेलं प्रथिन) नाही याची खात्री हवी. अशा प्रथिनापासून होणाऱ्या लाइट चेन प्रकारच्या अ‍ॅमिलॉइडमध्येही हा स्कॅन पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि त्याचा उपचार वेगळा, शिवाय तातडीचा असतो. रक्ततपासणी वगळून नुसत्या स्कॅनवर शिक्का मारणारा सल्ला मिळाला तर थांबा.

पेट स्कॅनमध्ये निवड मशीनपेक्षा ट्रेसरची, म्हणजे टोचलेल्या किरणोत्सर्गी द्रव्याची, असते. वर्षानुवर्षं हाडं दुखतात, फ्रॅक्चर होतात, रक्तातलं फॉस्फेट कमी आहे. कुठेतरी एफजीएफ-२३ (फॉस्फेट लघवीवाटे घालवणारं संप्रेरक) सोडणारी छोटी गाठ लपलेली असू शकते. ती शोधायला साखरेसारखा एफडीजी ट्रेसर वापरणाऱ्या नेहमीच्या पेटपेक्षा गॅलियम डोटाटेट हा ट्रेसर वापरलेलं पेट सरस ठरतं. गाठ सापडून पूर्ण निघाली, तर फॉस्फेट बहुधा काही दिवसांतच सुधारतं. मात्र सुरुवात फॉस्फेटच्या साध्या रक्ततपासणीपासून करायची, आणि नेमकी तीच राहून गेलेली असते.

मग थेट जनुक तपासणीच का नको? काही वेळा तीच आधी करावी. पण तिच्या अहवालात 'अर्थ अनिश्चित' असे बदल बरेच निघतात, आणि त्यांना वजन येतं ते चित्रामुळे. जुबेर सिंड्रोम या मेंदूच्या जन्मजात आजाराला ३० हून अधिक जनुकं कारणीभूत ठरू शकतात. एमआरआयच्या आडव्या छेदात मेंदूच्या देठाशी दाढेच्या आकाराची खूण दिसली, की शोध त्या जनुकांपुरता आटोपशीर होतो.

नवा स्कॅन की जुनाच पुन्हा वाचून घ्यायचा, यात मी जवळजवळ नेहमी दुसरा पर्याय आधी सुचवेन. त्यासाठी छापील फिल्म किंवा रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही. सीडीवरच्या मूळ डायकॉम फाइल (स्कॅनच्या संपूर्ण डिजिटल प्रतिमा) मागून घ्या आणि त्या अवयवाच्या आजारांवरच काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्टला लक्षणांच्या टिपणासह द्या. जुन्या सीटीचे छेद ५ मिलिमीटर जाडीचे असतील, तर बारीक सिस्ट त्यांच्यामध्ये हरवू शकतात. तेव्हा मात्र साधारण १ मिलिमीटरच्या छेदांची नवी एचआरसीटी करून घ्यावी.