परकीय लष्करी तळ: सुबिक आणि ओकिनावाचा ताळेबंद

परकीय तळ राहावेत की जावेत, या विषयावर वादविवाद स्पर्धेसाठी बाजू निवडणाऱ्या मुंबईच्या विद्यार्थ्यांनी फिलिपिन्स आणि जपान यांचे अनुभव शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचाही समुद्रातील वाद चीनशी आहे. तळांबाबतचे निर्णय मात्र परस्परविरुद्ध.

फिलिपिन्सच्या सिनेटने १६ सप्टेंबर १९९१ रोजी १२ विरुद्ध ११ मतांनी अमेरिकी तळ चालू ठेवणारा नवा करार फेटाळला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये सुबिकचा अमेरिकी नाविक तळ रिकामा झाला. अमेरिकेच्या जुन्या वसाहतीच्या स्वाभिमानाला धरूनच तो निर्णय होता, परंतु गेलेल्यांची जागा घेईल असे आरमार मनिलाकडे नव्हते. १९९५ मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातील मिस्चिफ रीफ या खडकावर बांधकाम केल्याचे उघड झाले, तर २०१२ मध्ये स्कारबरो शोल हा दुसरा खडकही चीनच्या हाती गेला. तळ असते तर हे टळलेच असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण त्या काळात त्या खडकांच्या मालकीबाबत अमेरिकेने बाजू घेतली नव्हती.

जपानने अमेरिकी तळ ठेवले. चीनही हक्क सांगतो त्या सेनकाकू बेटांभोवती चिनी तटरक्षक जहाजांच्या घिरट्या थांबलेल्या नसल्या, तरी बेटे जपानच्याच ताब्यात आहेत. याची किंमत मात्र टोकियो नव्हे, दक्षिणेकडील बेटांचा ओकिनावा प्रांत मोजतो: देशाच्या अवघ्या ०.६ टक्के भूमीवर केवळ अमेरिकी सैन्यासाठी राखलेल्या जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा आहे. तिथला फुतेन्मा हा हवाई तळ गिनोवान शहराच्या मधोमध आहे. कुर्ल्याच्या जरीमरीत छपरांना घासून जाणारी विमाने पाहिलेल्यांना तिथल्या जगण्याची थोडी कल्पना येईल. डिसेंबर २०१७ मध्ये तर हेलिकॉप्टरची खिडकी, मुले मैदानावर असताना, शेजारच्या प्राथमिक शाळेच्या आवारात कोसळली. हा तळ परत करण्याचे १९९६ मध्येच ठरले होते.

माझ्या मते फिलिपिन्सचा अमेरिकेबरोबरचा २०१४ चा करार अधिक सावध आहे: ठिकाणे त्यांच्याच मालकीची, अमेरिकी सैन्य आळीपाळीने येणार, कायमचा मुक्काम नाही. २०२३ मध्ये अशी ठिकाणे पाचावरून नऊ झाली. तरीही फिलिपिनी नौकांवर चिनी जहाजे पाण्याचे जोरदार फवारे मारतातच. तळ आक्रमण महाग करतो, रोजची कुरघोडी रोखत नाही. म्हणून ‘तळ जावेत’ ही बाजू घेणाऱ्याने स्वतःचे आरमार कधी उभे राहील हे आधी सांगावे, आणि ‘राहावेत’ म्हणणाऱ्याने मुदत व तिथे कायदा कोणाचा चालणार हे सांगावे.

आपल्याकडचा मार्ग तिसराच आहे. माझगाव डॉकने २०२३ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजांच्या दुरुस्तीचा करार केला. जहाज गोदीत येते, काम आटोपून जाते, तळ उभारावा लागत नाही.