रॅम वाढवावी की सरळ नवीन लॅपटॉप घ्यावा?

चार-पाच वर्षं जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम (उघडी कामं तात्पुरती ठेवायची जागा), आत एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी फास्ट साठवण), आणि तरी जेवणानंतर मशीन पेंगल्यासारखं चालतं, अशी ज्यांची परिस्थिती आहे त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांचं विंडोज अजून हार्ड डिस्कवर आहे त्यांनी आधी एसएसडी टाका, रॅमचं नंतर बघू, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. आणि ज्यांना व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंग करायचंय त्यांचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही.

माझं काम हिशेबाचं. टॅली, दोन-तीन जाडजूड एक्सेल फाइली, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल, बँकेची स्टेटमेंटं, बाजूला व्हॉट्सअ‍ॅप, मधूनच एखादा मीटिंगचा कॉल. यातलं एकही काम जड नाही, एकेकटं उघडलं तर ८ जीबीवर सुरळीत चालतं. एकत्र उघडली की बोंब. तेव्हा घरात दोन मतं पडली, भाचा म्हणाला मामा नवीनच घे आता, किती दिवस ओढणार, आणि मला वाटत होतं की रॅमचा स्लॉट रिकामा असेल तर रॅमची एक स्टिक टाकून बघू. मी स्टिक टाकली. पण नवीन घेण्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे, ते पण सांगतो.

ज्या एका गोष्टीने मला वैताग आणला ती आधी सांगतो, कारण खरं तर निर्णय तिनेच केला. बँक स्टेटमेंटची पीडीएफ, साठ-सत्तर पानांची, ब्राउझरच्या टॅबमध्ये उघडलेली. मी मधल्या कुठल्यातरी पानावर आहे, एक रक्कम बघतो, एक्सेलमध्ये जातो, नोंद करतो, टॅलीत जुळवून बघतो, परत टॅबवर येतो, तर टॅब पुन्हा लोड व्हायला लागतो आणि पीडीएफ पहिल्या पानावर. बँकेचा लोगो आणि पत्ता. परत स्क्रोल करा, परत ती एंट्री शोधा, तोवर मगाशी कुठली रक्कम बघत होतो तेच विसरलेलं असतं. मशीन स्लो असणं मी सहन करू शकतो, चहा घेतो, थांबतो, पण हातातलं काम कुणीतरी मागून काढून घेतंय हे काही सहन होत नाही.

यावर उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. क्रोममध्ये मेमरी सेव्हर नावाचा प्रकार आहे, न वापरलेले टॅब तो झोपवतो, तो बंद केला. टॅब टिकायला लागले पण आता एक्सेलवर पांढरा पडदा आणि वर नॉट रिस्पॉन्डिंग. मग पीडीएफ वेगळ्या रीडरमध्ये उघडली, तर पोर्टलचा टॅब जायला लागला आणि लॉगिन, कॅप्चा, ओटीपी सगळं पहिल्यापासून. म्हणजे एकाला जागा दिली की दुसरा बाहेर. तेव्हा कळलं की सेटिंगचा प्रश्नच नाहीये, जागाच कमी आहे.

तुमचाही प्रश्न हाच आहे का ते पाहायला टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडा, पण नेहमीचं सगळं काम उघडं असताना, सकाळी मशीन चालू केल्या केल्या नाही. बरेच जण वरचा टक्का बघून घाबरतात. मी तरी ‘कमिटेड’चा, म्हणजे उघड्या सॉफ्टवेअरनी मिळून मागितलेल्या मेमरीचा, पहिला आकडा बघतो. ८ जीबीच्या मशीनवर तो दिवसभर ११-१२ च्या आसपास असेल तर विंडोज बहुधा एकतर मेमरी कॉम्प्रेस करतंय, म्हणजे भरलेल्या बॅगेवर गुडघा टेकवून चेन लावावी तसं, नाहीतर उरलेलं एसएसडीवरच्या पेज फाइलमध्ये ढकलतंय. एसएसडी कितीही फास्ट असली तरी ती रॅम नव्हे. आकडा ६ च्या आत राहत असेल तर मात्र रॅमवर पैसे घालू नका, तुमचा त्रास दुसरीकडे आहे, बहुतेक स्टार्टअपला चालू होणारी फालतू सॉफ्टवेअर किंवा धुळीने भरलेला पंखा. आणखी एक, बिल्ट-इन ग्राफिक्स असेल तर ते याच रॅममधून आपला वाटा उचलतं, एएमडीच्या काही मशीनमध्ये ८ पैकी ६ च्याही आत वापरायला मिळते, ‘हार्डवेअर रिझर्व्हड’मध्ये ते दिसतं.

त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ लिहिलेलं असतं. एसओडिम (काढता-घालता येणारी स्टिक) असेल तर आशा आहे, रो ऑफ चिप्स असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली आहे, आणि वेगळा रिकामा स्लॉट नसेल तर विषय संपला. पण या माहितीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, काही मशीन स्लॉट चुकीचे दाखवतात, कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवून बघितलेलं बरं.

आता नवीन लॅपटॉपची बाजू. स्क्रीन चांगली मिळते, बॅटरी नवी, वॉरंटी नवी, कीबोर्डची अक्षरं पुसलेली नसतात, आणि वजन कमी, हे सगळं खरंय आणि रॅमच्या स्टिकने यातलं काहीही मिळत नाही. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. अशा मशीनमध्ये आज रॅम घालणं मला तरी पटत नाही. तिथे भाच्याचं बरोबर.

पण नवीन घेण्यात दोन गोष्टी मला खटकतात. एक म्हणजे सामान हलवणं. टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवर सरेंडर करून नव्यावर चालू करा, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर टाका, पोर्टलवर डिजिटल सही करायला लागणारा ईएमसायनर टाका आणि तो पहिल्या फटक्यात चालेल अशी प्रार्थना करा, प्रिंटर, स्कॅनर, ब्राउझरमधले पासवर्ड, एक्सेलचे मॅक्रो. रिटर्नच्या तारखा तोंडावर असताना हे कोण करणार? फक्त ब्राउझिंग आणि सिनेमे असतील तर एका संध्याकाळचं काम आहे, हे मान्य.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पातळ, देखणे लॅपटॉप घ्यायला जा, त्यातल्या बऱ्याच जणांची रॅम सोल्डर केलेली असते, एलपीडीडीआर प्रकारची. मॅकबुक एअरचं तर पहिल्यापासून तसंच, ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये बेसिक मॉडेल ८ वरून १६ वर नेलं तोपर्यंत लोक ८ जीबी घेऊन त्यावरच अडकलेले. इंटेलच्या ल्युनार लेक प्रोसेसरमध्ये तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली आहे, १६ किंवा ३२, घेताना जे ठरवाल ते शेवटपर्यंत. म्हणजे तुम्ही पन्नास-साठ हजार घालून ८ जीबी सोल्डर केलेलं नवं मशीन आणलंत तर पहिले काही आठवडे खूश, मग परत पीडीएफ पहिल्या पानावर, आणि यावेळी मागचं झाकण उघडून करण्यासारखं काही उरलेलं नाही. दुकानात सेल्समन प्रोसेसरबद्दल आणि ऑफरमध्ये मिळणाऱ्या बॅगेबद्दल भरपूर बोलतो, रॅम पुढे वाढते का हे विचारलं की मात्र ‘सर, आठ जीबी इनफ आहे’.

किमतीचं म्हणाल तर पूर्वी ही तुलनाच होत नव्हती, मी घेतली तेव्हा ८ जीबीची डीडीआर४ पिढीची स्टिक दोन हजारांच्या आत आली होती. २०२५ च्या शेवटी शेवटी मेमरीचे भाव भडकले, एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे कंपन्यांचा ओढा वाढला, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या व्हिडिओत ऐकलेले भाव डोक्यात ठेवून दुकानात जाऊ नका. पण तीच मेमरी नव्या लॅपटॉपमध्येही जाते, त्यामुळे तिकडे स्वस्ताई असेल असंही नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी जुन्या मशीनमधून काढलेल्या स्टिक मिळतात, मला त्याचं वावडं नाही, रॅम सहसा झिजून मरत नाही, पण परत घ्यायची तयारी दुकानदाराकडून आधीच वदवून घ्या आणि घरी आल्यावर रात्रभर मेमटेस्ट८६ हे मेमरी तपासणारं सॉफ्टवेअर लावा. एकही एरर आली तर परत.

कुठली घ्यायची यात फार डोकं लावू नका. डीडीआर३, ४, ५ एकमेकांच्या जागी बसतच नाहीत, खाच वेगळ्या जागी असते, म्हणून आपल्याकडे काय आहे तेवढं नक्की करा. स्पीड वेगळा असेल, जुनी २६६६ आणि नवी ३२००, तर दोन्ही साधारणपणे २६६६ वर चालतात, काही बिघडत नाही. माझ्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत आणि सुखाने नांदतायत, पण काही मशीन नखरे करतात असं ऐकलंय. ८ अधिक ८ केलं की ड्युअल चॅनलचा, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जाण्याचा, फायदा मिळतो, बिल्ट-इन ग्राफिक्सवाल्यांना तो जाणवतो. स्लॉट एकच असेल तर जुनी काढून सरळ १६ ची टाका. ३२ कशाला हवी असं मला वाटतं, पण व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्यांनी मला विचारू नये.

बसवणं स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कुणालाही जमतं. आतली बॅटरीची केबल आधी काढायची, स्टिक तिरकी घालून खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिप टक् वाजल्या पाहिजेत. पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन जरा वेळ काळीच राहू शकते, लगेच बटण दाबून बंद करू नका, मशीन नवी मेमरी ओळखत असतं. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडायची मुभा आहे का ते कंपनीला आधी विचारा, प्रत्येकाचे नियम वेगळे.

फरक काय पडला? मशीन चालू व्हायला लागणारा वेळ तेवढाच, टॅली उघडायलाही तेवढाच, पंख्याचा आवाज तसाच, बॅटरी तर उलट जुनीच होत चाललीये. स्टॉपवॉच लावून कुणी मोजलं तर म्हणेल काहीच झालं नाही. पण एक्सेलमधून परत आलो की पीडीएफ सोडली त्या पानावर असते, पोर्टल लॉगिन असतं, कॉल चालू असताना फाइल उघडली तर समोरच्याला माझा आवाज तुटक जात नाही. मला एवढंच हवं होतं.

तरी सरसकट सगळ्यांना हेच सांगत नाही. एका मित्राच्या लॅपटॉपची बिजागरी तुटलेली, बॅटरी अर्ध्या तासात खलास, प्रोसेसर सातव्या पिढीचा, आणि तो माझं ऐकून रॅम घ्यायला निघालेला. त्याला मीच थांबवला आणि नवीन घ्यायला लावलं. त्याला मनात भरलं होतं एक पातळ, चंदेरी मॉडेल, ८ जीबी सोल्डर केलेलं. बराच वेळ कुरकुरला, शेवटी थोडं जाड, दिसायला साधं, १६ जीबी आणि वर एक स्लॉट रिकामा असलेलं घेऊन आला.