मासे पाव खायला येत नाहीत अशी स्कूबा होडी, मालवण

मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अंगाला स्कूबासाठी नेणारे ढीगभर आहेत. त्यातल्या एका मच्छीमार घराच्या या होडीला मी पाचपैकी पाच देते.

निघण्याआधी होडीवाल्या दादांनी सगळ्यांना वाळूत बसवून बजावलं: पोवळ्याला हात लावायचा नाही, तळाला पाय टेकायचा नाही, बिस्किटं बरोबर घ्यायची नाहीत. "मग मासे जवळ कसे येणार?" लेकीने विचारलं. दादा म्हणाले, "पाव घातल्यार मासे येतत गो, पण मगे शेवाळ कोण खातलो?" मला हे फार पटलं. पोवळं हा दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यातल्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. मासे शेवाळ खातात म्हणून पोवळं मोकळं राहतं. नांगरही त्यांनी पोवळ्यापासून लांब, वाळू बघूनच टाकला.

खाली दादांच्या पुतण्याने माझी टाकी मागून शेवटपर्यंत धरून ठेवली होती. एका कपारीपाशी त्याने बोट दाखवलं. पिवळ्या फुलपाखरी माशांची जोडी पोवळ्याला टोचे मारत होती, आमच्याकडे ढुंकूनही न बघता! शेजारच्या होडीवाल्याने पाव टाकला तेव्हा पट्टेरी मासे नुसते तुटून पडले. फोटो तिकडचे जास्त छान आले असतील, पण मला आमचेच आवडले.

हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला होता. त्याच मच्छीमारांतलं एक घर आता पोवळं राखून कमावतंय, याचं मोल मला मोठं वाटतं. दादा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर वाढलेले, पुतण्या तारकर्लीला एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) स्कूबा केंद्रात शिकलेला, आणि परतल्यावर वहिनींच्या हातचे घावणे व काळ्या वाटाण्याची उसळ. दर शेजाऱ्यांपेक्षा थोडा जास्त आहे, तो खुशाल द्या.

तक्रार एकच. कपडे बदलायला फक्त ताडपत्रीचा आडोसा आहे. बायकांसाठी कडी लागेल अशी खोली हवीच.

डिसेंबर-जानेवारीत, सकाळच्या पहिल्या फेरीला जा. दम्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. आमच्यासमोर एका गृहस्थांना त्यांनी त्याच कारणाने पाण्यात उतरवलं नाही आणि पूर्ण पैसे परत दिले.