पाचट: पेटवायचं, सरीत घालायचं की गाठी करून द्यायचं?

दौंड-इंदापूरकडे तोडणी टोळीने उसाचा फड रिकामा केला की दोन दिवसांत कुठेतरी धूर दिसतोच. वाढं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांना गेलेलं असतं, पाचट म्हणजे वाळका पाला उरतो आणि खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या पिकाला, पाणी द्यायची घाई असते.

पेटवण्याचा फायदा एकच, पण खरा: काडीपेटीच्या खर्चात रान मोकळं. 'राख म्हणजे खतच की' हे मात्र अर्धंच खरं. पालाश (पोटॅश) राखेत उरतो. नत्र (नायट्रोजन) आणि सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो. एकरी 3 ते 4 टन पाचट आणि त्यात अर्धा टक्का नत्र धरलं, तरी 15 ते 20 किलो नत्र, म्हणजे पाऊण ते एक गोणी युरियाइतकं, जळून जातं. वारा फिरला तर शेजाऱ्याचा उभा ऊसही.

गाठी बांधून दिलं तर धूर नाही, चार पैसेही येतात. पण त्यांच्यासोबत पालाशही रानाबाहेर जातो. जमिनीच्या हिशेबात हे जाळण्याहून महाग. खोडवा मोडून लगेच कांदा-हरभरा घ्यायचा असेल, तरच मी गाठींचा विचार करीन.

खोडवा ठेवायचा असेल तर पाचट सरीतच. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं हेच सांगते. तरी लोक वैतागतात, कारण काम अर्धवट होतं. पाचट कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलाच नत्र उचलतात. वर युरिया नाही टाकला तर फुटवे पिवळे पडतात, मग 'पाचटानं ऊस बसवला', म्हणजे वाढ खुंटवली, म्हणत पुढच्या वर्षी काडी लागते. एकरी साधारण 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकावं. बुडख्यांवरचं पाचट आधी सरीत ओढून बुडखे जमिनीलगत छाटायचे. ते झाकलेले राहिले तर नांग्या पडतात, म्हणजे मध्ये मोकळ्या जागा राहतात. नंतरची खतं फेकून नाही, पहारीनं भोकं घेऊन. तणाची खुरपणी मात्र बरीच वाचते आणि ओल टिकते.

हार्वेस्टरची तोड असेल तर पाचट तुकडे होऊनच पडतं. हातानं तोडलं असेल तर ट्रॅक्टरच्या यंत्रानं पाचटाची कुट्टी मारून घ्या, भाडं लागलं तरी. पाचटामुळे पहिलं पाणी सरीत अडतं, पुढे सरकत नाही. त्या दिवशी दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला, एक माणूस जास्त ठेवा.