व्हिगफील्ड की लू बेगा, एका गाण्यावरचं करिअर कोणाचं भारी?

आमच्या धरमपेठच्या ग्रुपमधे हा वाद चालूच राहते, तर माझं मत आधीच सांगून टाकतो, व्हिगफील्ड. डेन्मार्कची पॉप गाणारी पोरगी, मागं इटालियन प्रोड्युसर, १९९४ मधे 'सॅटरडे नाइट' ब्रिटनमधे आलं ते चार्टवर डायरेक्ट एक नंबरवर, पहिल्याच सिंगलला, आणि वेट वेट वेट या बँडचं १५ आठवडे टॉपवर बसलेलं गाणं तिनं खाली उतरवलं भाऊ! आपण तिला एका गाण्याची म्हणतो पण पुढची दोन गाणीही तिथं टॉप टेनमधे गेली, हे कोणी सांगतच नाही.

लू बेगा म्युनिकचा गायक. 'मॅम्बो नंबर ५' १९९९ चं, मूळ चाल क्युबाच्या पेरेझ प्राडोची, १९४९ ची, त्यावर शब्द बेगाचे. अमेरिकेतही तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, तिथं व्हिगफील्डचं एवढं चाललं नाही हे मान्य. पण नंतर त्या उंचीचं काहीच आलं नाही, म्हणून करिअर म्हणून मी त्याला मागंच ठेवतो.

वरातीत मात्र बेगाच लावा, त्यातले ट्रम्पेट आपल्या बँडवाल्यांना मस्त जमतात.